वेणीसाठी धरलेले शुक्रवार

ताडकळसच्या बाजारात सारजाबाई तेल घ्यायला उभी राहिली की तेलवाला विचारायचा, "पोरीसाठी का?" अन् बाईचा चेहरा खुलायचा. लेकीची, शिवकन्येची वेणी होतीच तशी, कमरेखाली लोळणारी. सारजाबाईला मिरवायला दुसरं होतं तरी काय! विंचरताना निघालेले केस ती बोटावर गुंडाळून भिंतीच्या भोकात खुपसायची आणि केसांवर भांडी देणारी दारात आली की एखादी वाटी पदरात पाडून घ्यायची.

यंदा ऊसतोडीहून परतल्यावर ते भोक बघता बघता भरलं. भांडेवालीनं चक्क पातेलं दिलं. सारजाबाई आधी हरखली. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चरकली. भांग रुंद झाला होता, वेणी पार बारीक झाली होती.

"नजर लागली गं माय," ती म्हणाली. सोयरीक ठरत आलेली, आता टकली पोर कोण करून घेणार? माका झाला, जास्वंद झाली, तेल तर डोक्यावरून ओघळेपर्यंत. केस थांबेनात. तेव्हा तिनं देवीला बोलून टाकलं: केस परत येईपर्यंत पोर मंगळवार-शुक्रवार कडक उपास धरील, पाणीसुद्धा न्हाई. काय म्हणावं या बाईला! फडावर पोर तापानं फणफणली होती, ताप उतरल्याबरोबर मोळ्या उचलायला लागली होती, गडी जेवून उरेल तेवढंच खात होती. दर महिन्याला अंगावरून लय जायचं, ते लाजेनं कुणाला सांगत नव्हती. आणि तिला आणखी उपाशी ठेवायचं!

लसी द्यायला आलेल्या सत्यशीला नर्सबाईंनी पोरीची पापणी ओढून पाहिली. "पांढरीफटक हाय ही. उद्याच परभणीला न्या, रक्त कमी हाय. अन् केसांचं म्हणाल तर मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी झडतातच. मुळं जिती असतात. पोटभर खाऊ घाला, येतात परत."

"उद्या शुक्रवार हाय," सारजाबाई म्हणाली. "नवस मोडत न्हाई. शनिवारी नेते."

शुक्रवारी दुपारी शिवकन्या हापशावर घागर भरता भरता खाली बसली, ती उठलीच नाही. परभणीच्या दवाखान्यात रक्ताची पिशवी मिळेस्तोवर सगळं आटोपलं होतं.

बायकांनी पोरीला अंघोळ घातली. वेणी मात्र सारजाबाईनं कुणाला घालू दिली नाही. भांग पाडताना कपाळाशी बोटांना काहीतरी टोचलं. तिनं वाकून पाहिलं. भांगाच्या दोन्ही कडांना नखाएवढे नवे केस उभे होते, काळेभोर. इतके दिवस तेलानं चापून बसलेले, म्हणून दिसले नव्हते.

कंगव्यात अडकलेले केस तिनं सवयीनं बोटावर गुंडाळले आणि भिंतीपाशी गेली. हात भोकाशीच थांबला.

"आले व्हते गं केस," ती भिंतीला म्हणाली. "ह्यो शुक्रवार धरायचाच नव्हता."