शाळेत नांदायला

सातवीत दोनदा नापास झाले म्हणून माझं लग्न लावून दिलं, आणि सासर निघालं शाळेत! नवरा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. आम्ही राहायला गेलो त्या चिंचणीजवळच्या गावानं नवी शाळा बांधली होती, म्हणून जुनी इमारत आम्हाला राहायला मिळाली. भिंती अशा टणक, की दिवाळीला ठोकायला घेतलेला खिळा होळीपर्यंत निम्मासुद्धा आत गेला नाही. पावसाळ्यात ओल धरली की त्यांतून पाढे पाझरत. एकोणतिसाचा मी स्वतः ऐकलाय, आणि तोही चुकलेला.

पण घरात एकही बाई पाऊल टाकत नव्हती. सुकट द्यायची तर खिडकीतून, गप्पा मारायच्या तर खिडकीतून. सहा महिन्यांत माझी मान खिडकीच्या बाजूला कायमची वळली. ज्या घरात बायका येत नाहीत तिथं मी जन्म कसा काढणार?

"आत या की," मी पानवेलीच्या वाडीतल्या थोरल्या काकूंना म्हटलं.

"आत कशी येऊ? ती शाला हाय. आमी कवा शालेत गेलो?"

खरंच होतं. त्यांच्या लहानपणी आत फक्त मुलगे बसत. या डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बाहेरून जात आणि खिडकीशी घटकाभर थांबत.

संक्रांतीला मी घरोघर जाऊन हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. कुंकवाला नाही म्हणता येत नाही, एवढाच माझा डाव. सतराशे बायका आल्या. बरं, सतरा. चपला बाहेर रांगेत काढल्या, आत आल्या आणि फळ्याच्या भिंतीकडे तोंड करून ओळीनं मांडी घालून बसल्या. कुणी खोकेना.

मी तबक घेऊन फळ्यापुढे उभी राहिले. काहीतरी बोलावं म्हणून नेहमीसारखं म्हटलं, "चला, एकेकीनं नाव घ्या."

मला उखाणा हवा होता. काकू उठल्या, हाताची घडी घातली आणि स्वतःचं नाव सांगितलं. माहेरचं. वर म्हणाल्या, "हजर."

मला वाटलं आता हशा पिकणार. दुसरी उठली. मग तिसरी. गावात अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाया एकेक नाव सांगत होत्या, आणि शेजारणी वळून बघत होत्या, कारण चाळीस वर्षांच्या शेजारात ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. मी एरवी फेकते, पण हा काटा खरा.

सतरावी बसली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "आनि तुजा?"

लग्नात तांदळात लिहिलेलं नाव जिभेवर होतं. बाहेर पडलं ते जुनंच.

"हजर," मी म्हटलं.

"बस," काकू म्हणाल्या, आणि कुणाला न विचारता माझ्या चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेल्या.