चालत्या घराच्या दारातले पाच जोड

हा किस्सा सांगायचा हक्क आमच्या घरात बायकोचा आहे. पण ती आज भंडाऱ्याला माहेरी गेलीय, तेव्हा घ्या चहा, मीच सांगतो. ती सांगते तेव्हा मी गाढव ठरतो. मी सांगितल्यावरही गाढवच ठरणार आहे, पण निदान स्वतःच्या तोंडानं तरी!

तर मंडळी, मी चौतीस वर्षं सरकारी खात्यात स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, वायरची भेंडोळी, सगळं माझ्या ताब्यात. एकाही तपासणीत एक वॉशर कमी निघाला नाही! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

रिटायर झालो, लखनौच्या कडेला चिनहटला छोटं घर बांधलं, आणि मला गाडीचं खूळ लागलं. साधी गाडी नाही हो. जिच्यात झोपता येतं, स्वयंपाक करता येतो, ती कॅम्परव्हॅन! सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर तेच व्हिडिओ. आमची रंजना कपाळावर हात मारायची.

"अवो, नऊ बदल्या झाल्या तुमच्या. नऊ वेळा मी ट्रंका भरल्या, नऊ वेळा रिकाम्या केल्या. आता कुठं एका जागी टेकले, तर तुम्ही घराले चाकं लावून राहिले?"

खोटं नव्हतं. नऊ बदल्यांत मी फक्त ऑर्डर घेऊन पुढं जायचो. मागून ट्रक, पोरगी, कुंड्या आणि रेशनकार्ड घेऊन यायची ती रंजना. ती नाही म्हणाली तर व्हॅन घ्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं. आणि ती नाहीच म्हणत होती.

तेवढ्यात सरोजिनी नगरचे रिज़वान भाई भेटले. यांनी एका जुन्या टेम्पोच्या पोटात स्वतःच्या हातानं घर बसवलं होतं. बाप्पा, काय ते काम! बाक ओढला की पलंग, पलंगाखाली कप्पा, कप्प्यात कप्पा. सिंकला नळ, नळाला पाणी. कपाटाची दारं अशी की वळणावर एक चमचा वाजणार नाही. मी आयुष्यभर सरकारी फर्निचर पाहिलेला माणूस. मला तर त्या बिजागऱ्यांना हात लावून भरून आलं. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मागच्या खोलीतून थेट ड्रायव्हरच्या सीटवर जायला मधून वाट. खाली उतरायची गरजच नाही!

रिज़वान भाई गाडी भाड्यानं द्यायचे, पण आता विकायची होती. कानपूरचं एक गिऱ्हाईक मागं लागलेलं.

"सोमवार तक बता दीजिए अंकल जी. पहला हक़ आपका. पहले दो दिन चलाकर देखिए, फिर इत्मीनान से सोचिए."

एवढी अदब की मला वाटलं, गाडी बघण्याबद्दल मीच त्यांच्यावर उपकार केलेत.

मी रंजनाला म्हटलं, "दोन दिवस भाड्यानं घेऊ. बुद्धांच्या श्रावस्तीला जाऊन येऊ. आवडली नाही तर पुन्हा या घरात कॅम्परव्हॅनचं नाव काढणार नाही."

ती म्हणाली, "लिहून देता?"

दिलं! कॅलेंडरच्या मागं सहीनिशी लिहून दिलं. म्हणजे बघा, माझं सगळं स्वप्न त्या दोन दिवसांवर टांगलेलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून मोठी मेहुणी शोभाताई आणि साडभाऊ दिवाकरराव आलेले. साडभाऊंच्या पायात मुलानं पहिल्या पगारातून घेतलेले चकचकीत तपकिरी बूट. त्या बुटांची ओळख ते मुलाच्या आधी करून द्यायचे. ते दोघं, आम्ही दोघं आणि आमची पोरगी प्रज्ञा, असे पाच जण शनिवारी सकाळी रिज़वान भाईंच्या वर्कशॉपमधून निघालो.

मी पहिला नियम घातला. "गाडीत कोणी चपला-बूट घालून यायचं नाही. हे घर आहे."

प्रज्ञा म्हणाली, "पापा, ये टेम्पो है."

"घर आहे!"

पायताणांसाठी दाराजवळ झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट ठेवला. मी स्वतः अनवाणी गाडी चालवायला बसलो. शिवाय सुटण्याआधी तपासायची यादी केली. जुनी सवय. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, कपाटं बंद, माणसं पाच. दर वेळी खूण करायची आणि मगच चावी फिरवायची.

बाराबंकीच्या पुढं रस्त्याला लागून एक आंब्याची बाग लागली. धुकं नुकतं विरलेलं, कोवळं ऊन. गाडी आत घेतली. सगळे पायात घालून उतरले, फिरले, आळोखेपिळोखे दिले. बागेच्या टोकाला एक झोपडी, तिच्यापुढं एक म्हातारी अम्मा बकऱ्यांना पाला घालत होती. मग आधीच आत गेलेल्या रंजनानं गाडीतूनच हाक मारली, "चला, पोहे झाले!"

सगळे दाराशी आले. आणि आपल्या माणसांना काही सांगावं लागतं का हो? घराच्या दाराशी आलं की पायातलं आपोआप निघतं. पायरीखाली एका ओळीत पाच जोड! प्रज्ञानं त्याचा फोटोसुद्धा काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पापा का नया घर'.

आत पोहे, चहा, खिडकीतून ऊन. शोभाताई पलंगावर मांडी घालून म्हणाल्या, "अवं रंजू, हे तं हॉटेलपेक्षा बरं हाय!" रंजना खळखळून हसली. मी तिच्याकडं चोरून बघत होतो. ही बाई पास करणार, मला दिसत होतं! म्हटलं आता उशीर नको. यादी काढली. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, कपाटं बंद, माणसं पाच. मधल्या वाटेनं मी ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर गेलो.

"बघा साडभाऊ, उतरावं लागलं का?"

"नाही बुवा! मानलं!"

आणि निघालो.

आता तुम्ही हसताय. आम्हीपण हसतच होतो.

दुपारी श्रावस्तीला पोचलो. विहारासमोर गाडी लावली. दिवाकरराव क्रेटकडं वळले, तर मीच म्हटलं, "कशाला घालता? दारात काढायचेच आहेत. राहू द्या गाडीत, सुरक्षित राहतील." तो शहाणपणा मी स्वतः केला!

उतरलो तर शेजारी अकोल्याहून आलेली यात्रेकरूंची बस. पांढऱ्या साडीतल्या एक बाई आमच्या पायांकडं बघतच राहिल्या. "तुम्ही सगळे अनवाणी? कुठून आले?"

"लखनौहून," मी म्हणालो.

"लखनौपासून अनवाणी?"

आता मला सांगा, मी खोटं बोललो का? गाडी मी अनवाणीच चालवली होती. म्हणालो, "हो."

बाईंनी हात जोडले. "साधू, साधू, साधू! आजच्या काळात एवढी श्रद्धा!" चार-पाच जणी जमल्या. कोणी केळी दिली, कोणी संत्री. दिवाकररावांनी छाती पुढं काढली. प्रज्ञा कानाशी पुटपुटली, "पापा, बता दो ना." मी म्हटलं, "श्रद्धेत मोडता घालू नये बेटा."

वंदना झाली. मन शांत झालं. मग जुने अवशेष बघायचे होते, तिथं बरंच चालायचं, म्हणून पायात घालायला गाडीकडं आलो. क्रेट उघडला.

रिकामा!

"चोरी!" दिवाकरराव ओरडले. "माझ्या पोराच्या पहिल्या पगाराचे बूट!"

मी धावत दाराचं कुलूप तपासायला गेलो. बुटांसाठी नाही, गाडीसाठी! कारण रंजना शांतपणे म्हणाली, "म्हणजे हिचं कुलूप कच्चं हाय तर." संपलं की हो. कॅलेंडरच्या मागची सही माझ्या डोळ्यांपुढं नाचायला लागली. मी तडक रिज़वान भाईंना फोन लावला आणि त्यांना चांगलं झापलं.

ते सगळं ऐकून म्हणाले, "अंकल जी, ताला टूटा है?"

"नहीं."

"लैपटॉप, कैमरा, आंटी जी का पर्स?"

"सब है."

"सिर्फ़ जूते गए? पाँचों जोड़ी?" मग म्हणाले, "चोर किसी अच्छे ख़ानदान का रहा होगा. फिर भी ग़लती हमारी है. पूरा किराया वापस, और आप सबके जूते हमारी तरफ़ से."

एवढा भला माणूस! आणि मी त्याला वर सुनावलं, "भविष्य में ध्यान रखिए." आठवलं की अजून कान गरम होतात.

तिथून जवळच पोलीस चौकी होती. पाचही जण अनवाणी तिकडं. थंडीत फरशी बर्फासारखी. हवालदार साहेबांनी खुर्च्या दिल्या, कागद पुढं ओढला आणि शांतपणे विचारायला लागले. कोणता रंग, कोणता नंबर. दिवाकररावांनी आपल्या बुटांचं दहा मिनिटं वर्णन केलं. हवालदारांनी तेही लिहून घेतलं.

इतक्यात दारात अकोल्याच्या बाई! गर्दी बघून आल्या होत्या.

"काय झालं हो भाऊ?"

"आमचे जोडे चोरीला गेले."

बाई गोंधळल्या. "पण... तुम्ही तं अनवाणीच आले होते ना?"

हवालदारांना मराठी येत नव्हती, पण आमचे चेहरे वाचता येत होते. पेन थांबलं. "क्या कह रही हैं बहन जी?"

मी छताकडं बघितलं. शेवटी प्रज्ञानं हळूच मोबाईल पुढं केला. "अंकल, एक मिनट... ये सुबह की फ़ोटो है."

हवालदारांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आंब्याची झाडं, गाडी, उघडं दार, आणि दाराखाली ओळीत पाच जोड. सगळ्यात पुढं तपकिरी बूट चमकतायत.

"ये वाले?" त्यांनी विचारलं.

"जी," मी म्हणालो.

"इसके बाद पहने थे?"

मी नकारार्थी मान हलवली. चौतीस वर्षांत वॉशर न हरवणारा मी, पाच जोड उघड्यावर ठेवून घरासकट निघून आलो होतो! तपासायच्या यादीत माणसं होती, पाय नव्हते. हवालदार साहेब हसले नाहीत. कागद नीट घडी करून मला दिला आणि चहा मागवला. बाईंनी केळी परत मागितली नाहीत, हेही कबूल करायला हवं.

रात्री धुक्यात परतणं बरं नव्हतं. बाजारात एकाच रंगाच्या, हिरव्या प्लास्टिकच्या पाच जोड चपला घेतल्या आणि मुक्काम तिथंच केला. दिवाकरराव माझ्याशी बोलत नव्हते. मी सीटवर बसून ठरवून टाकलं की गाडीचा विषय संपला. फोन करून रिज़वान भाईंची माफी मागितली. ते म्हणाले, "अरे अंकल, शुक्र है जूते ही थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेपाशी आलो. वाटेत मी कोणाला आशा दाखवली नव्हती. भर रस्त्यालगत सोडलेले बूट कोण ठेवतं?

होते! त्याच जागी, त्याच ओळीत. शेजारी खाट टाकून बकऱ्यावाली अम्मा बसलेली.

"हम तो चिल्लाते रह गए, भैया," ती म्हणाली. "पर आपका तो घर ही चल दिया!"

रात्री दव पडेल म्हणून तिनं सगळे जोड झोपडीत नेले होते. सकाळी पुन्हा बाहेर आणून त्याच क्रमानं लावले होते, म्हणजे आम्ही आलो तर ओळखायला सोपं जावं. एका बकरीनं दिवाकररावांची एक नाडी खाल्ली होती, त्याबद्दल तीच माफी मागत होती. मी खिशात हात घातला तर तिनं असं बघितलं की हात तसाच राहिला. कपडे आमचे चांगले होते, पण त्या बागेत मोठं माणूस ती एकटीच होती.

रंजना म्हणाली, "अम्मा, चाय तो पीनी पड़ेगी. अंदर आइए." अम्मा गाडीपाशी आली आणि दाराखाली चपला काढायला वाकली.

आम्ही पाचही जण एका सुरात ओरडलो, "अंदर ले लो!"

दिवाकरराव इतके हसले की माझ्याशी बोलायला लागले.

संध्याकाळी गाडी परत करायला सरोजिनी नगरला पोचलो. मी चावी पुढं केली. "रिज़वान भाई, कानपुरवालों को दे दीजिए."

"काहून?" मागून रंजना.

मी वळलो. "अवं, एवढी शोभा झाली ना..."

"शोभा तुमची झाली. गाडीनं काय केलं?" ती दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती. "नऊ क्वार्टर बदलले मी. दर नव्या जागी महिना-महिना पाहुण्यासारखी राहिले. चपला हाताशी ठेवून झोपायची मी, माहीत हाय तुम्हाले? आणि या गाडीत एका सकाळी दारात चपला सोडून बसले, त्या विसरूनबी गेले. माणूस घरी बसला की चपलांची याद राहते का? घेऊन टाका."

काय सांगू मंडळी! पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या चपला कुठं असतात, हे मी कधी बघितलं नव्हतं. तिथंच भर वर्कशॉपमध्ये माझे डोळे भरून आले. केवढं मन हो या बाईचं! मी घसा साफ केला आणि काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं.

पण ती केव्हाच रिज़वान भाईंकडं वळली होती. "भैया, गाड़ी हमारी, पक्का. बस मुझे चलाना सिखा दीजिए. इनके हाथ में रही तो अगली बार मैं छूट जाऊँगी."

रिज़वान भाईंनी अदबीनं मान झुकवली, माझ्या हातातली चावी अलगद काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आंटी जी, शनिवार को अंकल ने जिस तरह गाड़ी निकाली, मैं तो तभी कहने वाला था. तहज़ीब के मारे चुप रह गया."