वरच्या खोलीतला कूलर

नंदनवन वस्तीत आमच्या घराच्या वरच्या खोलीत एक काका राहत. त्यांच्याकडे एकच कूलर होता आणि त्याचं तोंड कायम कॉम्प्युटरकडे असायचं. स्वतः बनियानवर घाम पुसत बसायचे. लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करून कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाची वीज जराशी कमी करायचे आणि कार्डाच्या पंख्याला कान लावायचे. "तापलं तं हळू होते ते, पोरी. थंड ठेवलं का जास्त हिशेब करते." हिशेब कॅन्सरच्या औषधाचे. जगभरचे लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर ते वाटून, फुकट करतात, असं सांगायचे.

माझ्या बाबांनाही कॅन्सर होता. मे महिन्यात डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हणून त्यांना घरी न्यायला सांगितलं. त्याच दुपारी काकांनी मशीन बंद केली आणि कूलर आमच्याकडे उतरवला.

"तुमचं काम?" मी विचारलं.

"माह्या वाट्याचं दुसरा कोणी करन."

बाबा गेले. तेरवी होईपर्यंत काकांनी कूलरचं नाव काढलं नाही. शेवटी मीच तो वर पोचवला.

संध्याकाळी छतातून पुन्हा घरघर ऐकू आली. आई वर पाहत राहिली.

"तुह्या बाबाच्याच बिमारीचं औषध शोधून राहिले का वं ते?"

मी हो म्हटलं.