झुवैनाच्या गुडघ्याची गोळी

तर झुवैना दवाखान्यातून दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं परतली, इथवर काल आलो होतो.

आमच्या डोंगरावर गुलाबाची तोडणी म्हणजे थोड्या दिवसांचा खेळ. ऊन चढायच्या आत फुलं उतरवायची, नाहीतर वास उडून जातो. झुवैनाचा मळा सगळ्यांत वरचा. नवरा गेल्यापासून तीच फुलं तोडते, तीच भट्टी लावून गुलाबपाणी काढते, आणि शेजारी म्हणून मला रोज एक टोमणा फुकट देते. यंदा मात्र गोळी नाही म्हणून गुडघा वाकेना, आणि वर कळ्या फुगायला लागलेल्या.

जुने डॉक्टर तिला दारात बघूनच कपाटातून गोळ्या काढायचे. त्यांची बदली झाली आणि इजिप्तहून नरमीन डॉक्टरीण आली. पोरगी गुणाची, पण आधी विचारणार, मगच औषध देणार.

"मावशी, कशा आहात?"

"कुशल आहे, अल्लाची कृपा."

"बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं."

आता आमच्या ओमानात भेटल्याबरोबर कुणी दुखणं सांगतं का? घराला आग लागलेली असली तरी आधी सगळं कुशलच असतं. खरी बातमी कहवा झाल्यावर. नरमीन बिचारी परमुलखातली, तिनं खुशीत लिहून टाकलं, औषधाची गरज नाही.

तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो. पुन्हा तेच, कुशल आणि बरं. मी कोपरानं ढोसलं, तर माझ्याच कानात फिसकारली, "गप रे हमूद. परक्या पोरीला आल्या आल्या रडगाणं ऐकवू?"

आम्ही शेवटचेच होतो. नरमीननं आपला थर्मास उघडला. "लांबून आलात, घोटभर कहवा घ्या," म्हणत तिनं खजूरही पुढं केले. झुवैनानं सावकाश कहवा संपवला, पुरे म्हणून कप हलवला, ओढणी सारखी केली आणि जी सुरू झाली! गुडघा, चढण, कळ्या, उडालेली झोप, वर माझं घोरणं भिंतीपलीकडून ऐकू येतं तेही.

नरमीननं हसत हसत गुडघा दाबून पाहिला, रक्तदाब मोजला आणि गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "अहो मावशी, मी दर वेळी विचारत होते, कशा आहात. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

झुवैना म्हणाली, "मी छानच आहे, पोरी. दुखतोय तो गुडघा. त्याची चौकशी तू केलीसच कुठं?"