ब तुकडीचे प्रश्न

शेजारच्या वर्गातला हशा भिंतीपलीकडून ऐकू आला की मास्तराचं आपल्या वर्गातलं लक्ष उडतं. माझं तर पार उडायचं. जाफराबादच्या ज्या कॉलेजात मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो, तिथं अ आणि ब तुकडीच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि तीही छतापर्यंत गेलेली नाही. वर दीड हात जागा मोकळी सोडून पत्रे टाकलेत. अ तुकडी माझी. ब तुकडी तीन वर्षांपूर्वी आलेल्या मॅडमची.

माझ्या नोट्सची तालुक्यात चांगली ख्याती आहे. भोकरदनच्या पोरांकडेसुद्धा त्यांच्या झेरॉक्स सापडतात. आधी व्याख्या, मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन ओळी, शेवटी निष्कर्ष. मी सांगतो, मुलं लिहितात. स्वल्पविरामसुद्धा मीच सांगतो. पेपर तपासायला घेतले की पानापानावर माझंच बोलणं उमटलेलं दिसायचं, आणि एकोणीस वर्षं मला त्याचा अभिमान होता.

मॅडम जालन्याहून रोज एसटीनं येतात. जुनं मारवाडी घराणं, घरचं कापडाचं दुकान. मला वाटलं, हौसेची नोकरी आहे, एक उन्हाळा काही टिकायची नाही. टिकल्या. त्या फळ्यावर पुस्तकातलं एकच वाक्य लिहायच्या आणि विचारायच्या, हे खरं कशावरून? कुणाला विचाराल? उलटं निघालं तर? मग पोरं अशी भांडायची की माझ्या वर्गातली पेनं थांबायची आणि साठ मुंडकी भिंतीकडे वळायची. मी स्टाफरूममध्ये म्हणायचो, "पोरं पास व्हायला येतात, भांडायला नाही." सगळे हसायचे. मॅडमही हसायच्या, तेच जास्त लागायचं.

खरं सांगायचं तर माझा जळफळाट व्हायचा. निकाल दोघांचाही सारखाच लागत होता, त्यामुळे हेवा करायला कागदावर काही कारण नव्हतं. मला त्यांचं दुसरं काहीच नको होतं. एकदा, फक्त एकदा, माझ्या वर्गातल्या कुणीतरी हात वर करून "सर, पण असं का?" म्हणावं, एवढंच हवं होतं. तास संपताना मी मुद्दाम विचारून पाहायचो, "काही शंका?" साठ जण एका सुरात म्हणायचे, "न्हाई सर." हे उत्तरही त्यांनी माझ्याकडूनच पाठ केलं असावं.

मग गेल्या हिवाळ्यात मॅडमनी ब तुकडीला गुरांच्या बाजारात नेलं.

पुस्तकात पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्यं आहेत. त्यातलं एक म्हणजे, ग्राहकाला आणि विक्रेत्याला बाजाराचं संपूर्ण ज्ञान असतं. मॅडम मुलांना म्हणाल्या, चला, बघून येऊ. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या हातवारे करून सांगत होत्या. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव चाललाय. तोंडानं एक अक्षर नाही. बैल तिथंच, मालक तिथंच, आणि भाव मात्र त्या दोघांनाच ठाऊक! "मी तर बघतच राहिले," त्या म्हणाल्या. सगळे कान देऊन ऐकत होते. मी वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत होतो.

तो रुमाल माझ्या घरातला होता. आमच्याकडे त्याला दस्ती म्हणतात. माझे वडील त्याच बाजारात गुरांचे दलाल होते. किती बोटं धरली म्हणजे किती, करंगळी सोडली म्हणजे काय, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पण अंगाला गोठ्याचा वास येणारा बाप कॉलेजात कशाला सांगायचा? मी सर झालो तोच मुळी त्या बाजारातून सुटायला. एकोणीस वर्षं मी "संपूर्ण ज्ञान" हा मुद्दा सांगत आलो, स्वल्पविरामासकट, आणि एकदाही मला आमची दस्ती आठवली नाही. आणि ह्या बाई जालन्याहून येतात, एक दुपार बाजारात उभ्या राहतात आणि माझ्या बापाची विद्या माझ्या डोळ्यांदेखत ब तुकडीची करून टाकतात. त्या दिवशी मी डबासुद्धा खाल्ला नाही.

सराव परीक्षेचे पेपर आम्ही अदलाबदल करून तपासतो. ब तुकडीचा गठ्ठा माझ्याकडे आला. पूर्ण स्पर्धेचा प्रश्न होताच. एका मुलीनं सगळे मुद्दे नीट लिहिले होते आणि खाली चार ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. 'आपल्या गुरांच्या बाजारात भाव रुमालाखाली होतो. शेजारी उभ्या माणसालाही तो कळत नाही. मग संपूर्ण ज्ञान कोणाला असते? बहुतेक दलालालाच. म्हणून तर दलाल लागतो.'

मी ते तीनदा वाचलं. इतकं स्वच्छ वाक्य माझ्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. मी लाल पेननं त्याच्यावर आडवी रेघ मारली, बाजूला 'विषयांतर' लिहिलं आणि दोन गुण कापले. दोन गुण कापायला काही आधार नव्हता. हात शिवशिवत होते, म्हणून कापले.

पेपर वाटल्यावर ती पोरगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मॅडम एसटी गाठायला निघून गेल्या होत्या.

"सर, इथं विषयांतर लिव्हलंय. माझं चुकलं कुठं, तेवढं सांगता का?"

"पुस्तकात आहे का हे?"

"न्हाई सर. पण बाजारात हाय."

"मग तुमच्या मॅडमला विचार."

"मॅडमनीच धाडलं, सर. म्हणल्या, मला बी हे बराबर सांगता यायचं न्हाई. बाजारातलं सरांइतकं आपल्या कॉलेजात कुणालाच ठाव न्हाई, त्यांनाच विचार."

म्हणजे बाजारात कुणीतरी जुन्या माणसानं मॅडमना सांगितलं होतं, तुमच्या कॉलेजातले सर कुणाचे चिरंजीव आहेत ते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये हातवारे करताना त्यांना ते ठाऊक होतं. माझ्याकडे एकदा बघून त्या नुसतं "सर, तुम्हीच सांगा ना" म्हणाल्या असत्या तर मी चारचौघांत उघडा पडलो असतो. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मी बोलायची वाट पाहिली आणि मी वर्तमानपत्र चाळलं. आता त्यांच्या हुशारीचा हेवा करायचा की चांगुलपणाचा, हेच मला कळेना. माणसानं इतकं चांगलं असू नये, शेजारच्या माणसाला फार त्रास होतो.

मी 'विषयांतर' खोडलं आणि दोन गुण परत दिले. मग खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला आणि तिला बोटांची भाषा सांगितली. भाव का झाकतात, तेही सांगितलं. एक सौदा उघडा पडला की पुढचे सगळे त्याच भावाला अडून बसतात.

तिनं लगेच विचारलं, "मंग सर, झाकल्यानं फायदा कुणाचा? घेणाऱ्याचा का विकणाऱ्याचा?"

मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही हे कुणी कधी विचारलं नसणार. आम्ही दोघं अर्धा तास त्या रुमालावर वाद घालत बसलो, तिची गावाकडची जीप चुकली, आणि नोकरी लागल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ती गेल्यावर ध्यानात आलं की पोरगी ब तुकडीची होती, म्हणून प्रश्नही ब तुकडीचाच.

मग मी हट्टालाच पेटलो. पुढच्याच सोमवारी अ तुकडीत गेलो. हातात नोट्सची वही नाही, फक्त रुमाल. मागून कुजबुज आली, "सर आज काय करून राह्यले रे?" मी दोघांना पुढं बोलावलं, त्यांच्या हातावर रुमाल टाकला, एकाची बोटं दुसऱ्याच्या मुठीत दिली. सांगितलं की माझे वडील गुरांचे दलाल होते. हे वाक्य मी त्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारलं. मग फळ्याकडे वळून पुस्तकातलं ते वाक्य लिहिलं आणि विचारलं, "आता सांगा, हे खरं कशावरून?"

साठ जणांनी वह्या उघडल्या होत्या, समास आखले होते, पेनं तयार धरली होती. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबलो. भिंतीवरून मॅडमच्या वर्गातला गलका येत होता, कुणीतरी कुणाचं तरी म्हणणं खोडून काढत होतं. ठरवलंच होतं की आज मी उत्तर सांगणार नाही.

शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "हं, विचार, विचार," मी म्हणालो.

"सर, हे लिहून घ्यायचं का?"

नको, असंच म्हणायचं होतं. पण तिच्यामागे साठ पेनं माझ्या पुढच्या शब्दासाठी खोळंबली होती, आणि ती तशी खोळंबायला मीच शिकवलं होतं.

"घ्या," मी म्हणालो, आणि व्याख्येपासून सांगायला लागलो.