त्या दुपारचं ऊन

वांग्याच्या वाफ्यापाशी खांबावर ह्यांनी टांगलेला थर्मामीटर मी आज पुसायला घेतला. त्यातली बारीक सुई दिवसभरातल्या सर्वांत जास्त उन्हापर्यंत चढते आणि तिथेच अडकून राहते. रोज सकाळी हे आकडा वहीत टिपून लोहचुंबकाने ती खाली ओढायचे आणि म्हणायचे, "किडीला तारीख कळत नाही गं, ऊब कळते. पुरेशी ऊब साठली की अंडी फुटतात, तेव्हाच फवारायचं."

हे गेले, त्या दुपारी ऊन फार होतं. मग पाऊस लागला, थंडी आली. तेवढं ऊन पुन्हा पडलंच नाही. भेटायला येणारे सांगतात, दिवस जातील तसं दुःख कमी होईल. पण दुःखाला तरी दिवस कुठे कळतात? ह्यांचा स्वेटर उन्हात टाकला, त्याला ऊब चढली, की ते वळवळत बाहेर येतं.

शेजारची सून कुंपणापाशी थांबली. "काकू, वांग्यांचे शेंडे माना टाकायला लागलेत, अळी शिरलीय. सुई खाली घ्या ना, फवारणीचं कळेल तरी."

मी चुंबक हातात घेतलं. सुई अजून त्याच उन्हावर होती, ह्यांच्या अंगावर पडलेल्या शेवटच्या उन्हावर.

"राहू दे गं," मी म्हटलं. "खाऊ दे अळीला."