खिळ्याचा व्हिसा

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात माझं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या. एकुलत्या एका मुलीनं इंजिनिअर व्हायचं, हे घरात गृहीतच होतं. तिनं गाठलं बल्गेरिया, आणि विषय कोणता, तर तिथल्या भाषेत शिरलेले ग्रीक शब्द! "ह्याचं पुढे करायचं काय?" असं मी विचारलं, तेव्हा बायकोनं माझ्यावरच डोळे वटारले.

शारजातल्याच अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत शिकायला बाहेर गेलेल्या मुलांची एक फेरी ठरलेली. सहा महिने भरायच्या आत यायचं, विमानतळावर नोंद झाली की चार दिवस आईच्या हातचं खायचं आणि परत जायचं. नाहीतर इथला व्हिसा बाद. विद्यार्थ्यांना सूट मिळते म्हणतात, पण भरवसा कोण ठेवणार? आम्ही याला 'पाय लावून जाणं' म्हणतो.

या खेपेला मी तिकीट काढलं आणि तिला कळवलं. लगेच फोन आला.

"बाबा, आय ॲम नॉट कमिंग."

"अगं, व्हिसा कॅन्सल होईल. तू जन्मलीस इथे!"

"एक्झॅक्टली. जन्मले तिथे, आणि तरी दर सहा महिन्यांनी येऊन प्रूव्ह करायचं?"

त्या ग्रीकांनी तुझं डोकं फिरवलंय, असं मी फाडकन बोललो. ती मात्र चिडली नाही. सांगत बसली, की तिकडे खिळ्याला म्हणतात पिरोन, कौलाला केरेमिदा, तळायच्या पॅनला तिगान. सगळे ग्रीकांकडून आलेले.

"इथल्या शेजारच्या आजींना सांगितलं, तर हसल्या. म्हणाल्या, खिळा आमचाच. नोबडी आस्क्स अ वर्ड टु गो बॅक, बाबा."

"खलास. कर काय करायचं ते," म्हणून मी फोन ठेवला.

तेव्हापासून काउंटरवर बसलं की जीव थाऱ्यावर नसतो. इथल्या किती दारांत माझे खिळे ठोकलेले आहेत, पण माझ्या भाषेतला एक शब्द इथे कुणाच्या तोंडी नाही. गिऱ्हाईक पठाण असो की मल्याळी, आमचं सगळं हिंदीत, मध्येच एखादं अरबी 'यल्ला', म्हणजे चला. दुकान बंद केलं की माझाही व्हिसा संपणार. निदान मुलगी तरी इथली आहे, ती राहील, या आशेवर मी इतकी वर्षं काढली. ती आशा मी तिला कधी बोलून दाखवली नव्हती.

तिकीट अजून रद्द केलेलं नाही. काल बायकोनं मागे लागून मला फोन करायला लावला. मुलीनं उचलला तेव्हा पलीकडे भांड्यांचा आवाज होता. ती कुणाला तरी त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होती आणि खळखळून हसत होती. त्यात 'तिगान' मला नेमकं ऐकू आलं. मग ती "हं, बाबा," म्हणाली, तेव्हा ते हसू आवाजातून गेलेलं होतं. येतेस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.